गाडी न काढता शहरात फिरायचे तर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वाहतूक कोंडीचा विषय निघाला की तेच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत पुन्हा पुन्हा येतात. ते इथे एकत्र केले आहेत. सोपे आधी आहेत, अवघड आणि अपवादाचे नंतर. एखाद्या उत्तराचा धागा दुसऱ्या प्रश्नात असेल तिथे त्याचा क्रमांक दिला आहे. आमची भूमिका सुरुवातीलाच सांगतो: बहुतेक लोक गाडी हौसेने काढत नाहीत, हिशेबाने काढतात. वेळ, खर्च, दगदग आणि खात्री यांचा तो हिशेब बदलला की रस्ता मोकळा होतो, आणि तो बदलणे शहराच्या हातात आहे.

१. कोंडी होते ती गाड्या फार झाल्या म्हणून, की रस्ते अपुरे आहेत म्हणून?

खरा प्रश्न जागेचा आहे. साधारण तीन मीटर रुंदीची एक मार्गिका (लेन) घ्या. तिच्यावरून फक्त मोटारी गेल्या तर तासाला साधारण ६०० ते १,६०० माणसे पुढे सरकतात, कारण बहुतेक मोटारींत एक किंवा दोनच जण असतात. तीच मार्गिका सतत धावणाऱ्या बसना राखून दिली तर ४,००० ते ८,००० माणसे जातात. सुरक्षित सायकलमार्ग केला तर ७,००० च्या पुढे, पदपथ केला तर ९,००० च्या आसपास. शहरी रस्त्यांचे आराखडे करणारे थोड्याफार फरकाने हेच आकडे धरून चालतात. म्हणजे रस्ता तेवढाच राहतो, त्यावरून जाणारी माणसे मात्र कित्येक पटींनी वाढू शकतात.

आणखी एक गोष्ट दिलासा देणारी आहे. रस्ता काठोकाठ भरलेला असतो तेव्हा थोड्याशा गाड्या कमी झाल्या तरी मोठा फरक पडतो. शाळांना सुट्टी लागली की तोच रस्ता अचानक मोकळा वाटतो, तेव्हा शहरातल्या निम्म्या गाड्या काही गायब झालेल्या नसतात. त्यामुळे सगळ्यांनी गाडी सोडण्याची गरज नाही. दहातल्या एका-दोघांना दुसरा मार्ग खरोखर परवडला पाहिजे.

२. मग रस्ते रुंद करून, उड्डाणपूल बांधून प्रश्न सुटत का नाही?

कारण नवी जागा नव्या गाड्यांना बोलावते. आधी गर्दीची वेळ टाळणारे त्याच वेळी निघू लागतात, बसने जाणारे गाडी काढतात, लांबचे घर सोयीचे वाटू लागते. अमेरिकी अर्थतज्ज्ञ अँथनी डाउन्स यांनी १९६२ मध्येच हे मांडले होते: शहरातल्या जलदगती रस्त्यांवरची गर्दीच्या वेळची वाहतूक रस्त्याची क्षमता भरेपर्यंत वाढत जाते. पुढे २०११ मध्ये ड्युरँटन आणि टर्नर या अर्थतज्ज्ञांनी अमेरिकेतल्या शहरांची आकडेवारी तपासली. महामार्गाची लांबी-रुंदी जितक्या टक्क्यांनी वाढते, जवळपास तितक्याच टक्क्यांनी गाड्यांचा प्रवासही वाढतो, असे त्यांना दिसले.

अमेरिकेतल्या ह्यूस्टनचा केटी महामार्ग हे ठळक उदाहरण. २००८ मध्ये त्याचे रुंदीकरण पुरे झाले आणि काही ठिकाणी बाजूचे रस्ते धरून तो २६ मार्गिकांचा झाला. काही वर्षांतच गर्दीच्या वेळचा प्रवास पुन्हा लांबू लागला. उड्डाणपुलाबाबत आणखी एक अडचण असते. तो एका चौकातली कोंडी उचलून पुढच्या चौकात ठेवतो.

३. 'चांगला पर्याय' म्हणजे नक्की काय? बस तर आमच्याकडेही आहे.

बस असणे आणि बसवर विसंबता येणे यांत फार अंतर आहे. घराच्या दारापासून कामाच्या दारापर्यंतचा सगळा वेळ मोजा: थांब्यापर्यंत चालणे, वाट पाहणे, बसमधला वेळ, मार्ग बदलताना पुन्हा वाट पाहणे, शेवटचे चालणे. प्रवास नियोजनात थांब्यावरचे एक मिनिट बसमधल्या सुमारे दोन मिनिटांइतके धरतात, कारण माणसाला ते तितके जड जाते. वरून ऊन किंवा पाऊस असेल, बस येणार की नाही याचा पत्ता नसेल, तर ते त्याहूनही जड.

म्हणून नवी कोरी, वातानुकूलित बस ताशी एकदा येत असेल तर तिचा उपयोग थोडाच. साधी बस दर आठ मिनिटांनी आणि वेळेवर येत असेल तर ती गाडीशी स्पर्धा करू शकते. यात खात्रीचा वाटा आम्हाला सर्वांत मोठा वाटतो. रोज चाळीस मिनिटे लागणारा प्रवास माणूस पत्करतो. कधी तीस तर कधी सत्तर मिनिटे घेणारा प्रवास त्याला नोकरीत पेलत नाही.

४. बस किती मिनिटांनी यावी? आणि आमच्याकडे अर्धा तास काही येत नाही, मग तीन एकदम येतात, असे का?

दहा मिनिटांच्या आत बस येत असेल तर बहुतेक लोक वेळापत्रक न पाहता निघतात. पंधरा मिनिटांपर्यंत जुळवून घेतात. त्यापुढे प्रवास बसच्या सोयीने ठरू लागतो आणि ज्याला परवडते तो गाडी घेतो.

तीन बस एकत्र येण्याचे कारण बहुधा चालकाचा निष्काळजीपणा नसतो. थांब्यावर उभे राहून नीट पाहिले तर दिसते: एक बस सिग्नलला अडकून दोन मिनिटे उशिरा येते. तेवढ्या वेळात थांब्यावर जास्त माणसे जमलेली असतात. पुढचे दार उघडते, उतरणारे आणि चढणारे एकाच पायरीवर भिडतात, कोणी सुट्टे पैसे शोधतो, कोणाची पिशवी अडकते. दोन मिनिटांचे चार होतात. पुढच्या थांब्यावर आणखी गर्दी. मागून येणाऱ्या बसला मात्र थांबे जवळजवळ रिकामे मिळतात, ती भराभर पुढे येते आणि पहिलीला गाठते. मग दोघी मिळून तिसरीला रस्ता अडवतात.

याचा फटका किती बसतो पाहा. दर दहा मिनिटांनी नेमकी एक बस आली तर सरासरी पाच मिनिटे थांबावे लागते. तेवढ्याच बस जोडीने, दर वीस मिनिटांनी दोन अशा आल्या, तर सरासरी दहा मिनिटे. बस तेवढ्याच, डिझेल तेवढेच, चालक तेवढेच, आणि प्रवाशाचे थांबणे दुप्पट.

उपाय ठाऊक आहेत. सगळ्या दारांनी चढू द्यावे आणि तिकीट बसबाहेर किंवा कार्डाने घ्यावे. ब्राझीलमधल्या कुरितिबाने १९९१ मध्ये नळीच्या आकाराची स्थानके केली, तिथे भाडे आत शिरतानाच देऊन थेट बसच्या पातळीवरून चढता येते. सिग्नलला बस दिसताच हिरवा दिवा काही सेकंद लांबवता येतो. आणि गर्दीच्या रस्त्यांवर बसला वेगळी मार्गिका हवीच (प्रश्न ५).

मार्गांची आखणीही तपासावी. दर गल्लीतून वळणारे, ताशी एकदाचे पन्नास मार्ग नकाशावर भरगच्च दिसतात. ह्यूस्टनने ऑगस्ट २०१५ मध्ये एका रात्रीत सगळे जाळे बदलले. वेडीवाकडी वळणे काढून सरळ, एकमेकांना छेदणारे आणि वारंवार बस असलेले मार्ग केले, तेही जवळपास तेवढ्याच चालू खर्चात. काहींना थोडे जास्त चालावे लागले, हा त्यातला खरा तोटा. आमच्या मते तो पत्करण्यासारखा आहे, फक्त वृद्ध आणि अपंग प्रवाशांसाठी वेगळी सोय आधी करायला हवी.

५. बसला स्वतंत्र मार्गिका दिली तर बाकीच्यांची कोंडी वाढणार नाही का? ती मार्गिका तर बहुतेक वेळ रिकामीच दिसते.

रिकामी दिसते, कारण ती चालू असते. दोन बसमध्ये दोन मिनिटांचे अंतर असेल तरी डोळ्यांना मोकळा रस्ता दिसतो, आणि तासाला तीस बस म्हणजे दीड ते दोन हजार माणसे तिथून निघून गेलेली असतात. शेजारची मार्गिका भरलेली दिसते, कारण ती हलत नाही. कोलंबियाची राजधानी बोगोटामध्ये डिसेंबर २००० मध्ये सुरू झालेल्या ट्रान्समिलेनिओ या राखीव मार्गांवरच्या बससेवेच्या मुख्य मार्गावर गर्दीच्या तासात एका दिशेने ४०,००० हून अधिक प्रवासी जातात. अनेक मेट्रो मार्गांना इतके प्रवासी मिळत नाहीत.

सुरुवातीच्या काही महिन्यांत गाड्यांना त्रास होऊ शकतो, हे खरे आहे आणि शहराने ते आधीच सांगावे. बस वेळेवर पोचू लागल्या की काही गाडीवाले बसकडे वळतात. पण तोपर्यंत बसची संख्या वाढवलेली नसेल तर हा सगळा त्रास वाया जातो.

६. पण बससाठी असे राखीव रस्ते, म्हणजे बसमार्ग, करून ते उखडल्याचीही उदाहरणे आहेत. त्याचे काय?

आहेत. दिल्लीत आंबेडकर नगर ते मूलचंद हा सुमारे सहा किलोमीटरचा बसमार्ग २००८ मध्ये सुरू झाला आणि २०१६ मध्ये उखडला गेला. त्याच सुमारास, २००९ मध्ये, अहमदाबादचा 'जनमार्ग' सुरू झाला आणि तो टिकला. कल्पना एकच असूनही रचना वेगळी होती. दिल्लीत कुठलीही बस मार्गात शिरू शकत होती, थांबे चौकाला लागून होते आणि सिग्नलचे फेरे लांब होते, त्यामुळे चौकात बसच्या रांगा लागायच्या. शिवाय मार्ग इतका तोकडा, की त्याच्या दोन्ही टोकांना बस पुन्हा कोंडीतच जायची. अहमदाबादेत मार्ग बंदिस्त, ठरावीक बस, मध्यभागी उंच स्थानके, तिकीट स्थानकावर, आणि जाळे टप्प्याटप्प्याने वाढत गेले.

आमचा निष्कर्ष: अर्धवट बसमार्ग हा बसमार्ग नसण्यापेक्षा घातक, कारण त्याने पुढच्या दहा वर्षांची लोकांची इच्छाच मरते.

७. मेट्रो आली, तरी रस्त्यावरची गर्दी तशीच. मेट्रो फसली का?

फसली असे म्हणता येत नाही. मेट्रोने मोकळी केलेली जागा प्रश्न २ मध्ये सांगितलेल्या कारणानेच नव्या गाड्या भरून काढतात. मात्र लोकांना कोंडीतून सुटण्याची एक हक्काची वाट मिळते, आणि शहर वाढत असताना तीच मोलाची असते.

पण स्थानकापर्यंत पोचायची सोय नसेल तर मेट्रो अर्धीच राहते. लोक रेल्वे स्थानकापर्यंत साधारण ८०० मीटर, बस थांब्यापर्यंत ४०० मीटर चालतात, तेही पदपथ धड असेल तर. त्यापलीकडच्यांसाठी जोडबस आणि सायकलतळ लागतो. नेदरलँड्समधल्या उट्रेख्टच्या मुख्य स्थानकाखाली १२,५०० सायकलींचा तळ आहे. एवढ्या मोटारी लावायच्या तर केवढे मैदान लागेल, कल्पना करा. आणि तिकीट एकच हवे. हॅम्बुर्गने १९६५ मध्येच वेगवेगळ्या वाहतूक संस्थांचे वेळापत्रक आणि भाडे एकत्र करण्यासाठी संघ स्थापन केला. आजही कित्येक शहरांत बसचे कार्ड मेट्रोत चालत नाही, आणि यात तंत्रज्ञानाची अडचण नाही, संस्थांच्या अहंकाराची आहे.

८. बस सगळ्यांना फुकट केली तर?

गरजूंना नक्की सवलत द्यावी. पण गाड्या कमी करण्याचा उपाय म्हणून फुकट तिकीट कमकुवत ठरते. एस्टोनियाची राजधानी टॅलिन इथे जानेवारी २०१३ पासून रहिवाशांना प्रवास मोफत झाला. प्रवासी वाढले, पण त्यांत आधी चालत जाणारेही बरेच होते. लक्झेंबर्गने १ मार्च २०२० पासून देशभर सार्वजनिक वाहतूक मोफत केली, आणि तिथे मोटारींचे प्रमाण आजही मोठे आहे. गाडीवाल्याला अडवते ती वेळ आणि बेभरवसा, दोन नाण्यांचे तिकीट नव्हे. पैसा मर्यादित असेल तर तो आधी फेऱ्यांवर घालावा.

स्वस्त आणि सुटसुटीत पास मात्र उपयोगी पडतो. व्हिएन्नाने २०१२ मध्ये वर्षाचा पास ३६५ युरोंवर आणला, म्हणजे दिवसाला एक युरो. त्याच वर्षी सशुल्क पार्किंगचा परिसरही वाढवला, हे बहुतेकदा सांगायचे राहून जाते.

९. सायकल ठीक आहे, पण ऊन, पाऊस, चढ आणि अंगावर येणारी वाहने? आणि आपल्याकडे डच लोकांसारखी सवय कुठे?

शेवटच्या भागापासून सुरू करू. डच शहरेही १९६०च्या दशकात मोटारींना शरण गेली होती. १९७१ मध्ये त्या छोट्या देशात रस्त्यावर ३,००० हून अधिक माणसे गेली, त्यांत ४०० हून अधिक मुले होती. आई-वडील रस्त्यावर उतरले, पाठोपाठ १९७३ चे तेलसंकट आले, आणि धोरण बदलले. सवय नंतर लागली.

स्पेनमधले सेव्हिल तर उष्ण हवेचे शहर, तिथे सायकल जवळजवळ नव्हतीच. २००६ पासून त्यांनी चार-पाच वर्षांत सुमारे १२० किलोमीटरचे, मोटारींपासून वेगळे आणि मुख्य म्हणजे सलग असे जाळे उभारले. सायकल फेऱ्या कित्येक पटींनी वाढल्या. सलगपणा हाच खरा मुद्दा. चार किलोमीटर उत्तम मार्ग आणि मध्ये एक भयंकर चौक असेल, तर माणूस त्या एका चौकामुळे सायकल काढत नाही. मार्ग कितपत चांगला आहे हे पाहायचे तर दहा वर्षांच्या मुलीला तिचे पालक त्यावरून एकटीला पाठवतील का, एवढे विचारावे. नुसता रंगाचा पट्टा या प्रश्नापुढे टिकत नाही.

चढासाठी आणि घामासाठी बॅटरीवरच्या सायकली आल्या आहेत. धो धो पावसात लोक सायकल टाळतील, टाळू द्यावे. त्या दिवशी बस असली पाहिजे.

१०. चालणे हासुद्धा पर्याय मोजायचा का?

सर्वांत आधी मोजायचा. बसचा प्रत्येक प्रवासी दोन्ही टोकांना चालतोच, आणि शहरातल्या कितीतरी फेऱ्या एक-दोन किलोमीटरच्या असतात.

एखाद्या पदपथावरून मुलाची ढकलगाडी घेऊन शंभर पावले जाऊन पाहा. सुरुवातीलाच चढायला उतार नाही. पुढे मधोमध विजेचा खांब, मग उघडे झाकण, मग आवारात जाणाऱ्या गाडीसाठी कापलेला उतरता कट्टा, मग उभी दुचाकी. शंभर पावलांत चार वेळा रस्त्यावर उतरावे लागते. मग दोन मिनिटांच्या कामालाही गाडी काढली जाते, आणि ती गाडी कोंडीत भर घालते. पदपथ सलग एका पातळीवर ठेवून गल्लीच्या तोंडाशी गाडीलाच वर चढायला लावले तर हे चित्र बदलते. रस्ता ओलांडायला पायऱ्यांचा पूल देऊ नये. ज्याला तो सर्वांत गरजेचा, त्यालाच तो चढता येत नाही.

११. दुचाकी मोटारीपेक्षा कमी जागा घेते. मग तिलाच उत्तेजन का नको?

मोटारीतून दुचाकीवर आलेला माणूस जागा वाचवतो, हे मान्य. पण दुचाकीवर येणारे बहुतेक जण बसमधून, सायकलवरून किंवा पायी चालणे सोडून आलेले असतात. बसमधल्या साठ जणांनी साठ दुचाकी घेतल्या की रस्ता भरतो, बसचे उत्पन्न घटते, फेऱ्या कमी होतात आणि उरलेलेही दुचाकीकडे वळतात. अपघातात दुचाकीस्वाराला संरक्षण जवळपास नसते, ही बाजू आम्हाला त्याहून गंभीर वाटते. दुचाकीवाल्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याने बस सोडली कारण बसने त्याला आधी सोडले होते.

१२. सगळ्या गाड्या इलेक्ट्रिक झाल्या तर?

धूर कमी होईल, चौकातला गोंगाट कमी होईल, आणि रांग तेवढीच लांब राहील.

१३. ॲपवरच्या टॅक्सी आणि एकत्र मोटारप्रवास यांनी गाड्या कमी होत नाहीत का?

टॅक्सीमुळे स्वतःची गाडी न घेणे काहींना शक्य होते. पण टॅक्सी प्रवासी शोधत रिकामीही फिरते, आणि बसने किंवा चालत गेले असते असे बरेच जण तीत बसतात. सॅन फ्रान्सिस्कोतल्या अभ्यासात २०१० ते २०१६ या काळात कामाच्या दिवशी गाड्यांचा खोळंबा ६२ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. या टॅक्सी नसत्या तर ही वाढ सुमारे २२ टक्के राहिली असती, असा अंदाज निघाला.

एकत्र प्रवासाची सक्ती मात्र विचार करायला लावते. जकार्तात ठरावीक रस्त्यांवर गर्दीच्या वेळी मोटारीत किमान तिघे असावेत असा नियम होता. लोक रस्त्याकडेला उभ्या असलेल्या माणसांना पैसे देऊन गाडीत बसवून घेत. हे पाहून नियम निरुपयोगी समजला गेला आणि २०१६ मध्ये काढला. त्यानंतर कोंडी स्पष्टपणे वाढली, ज्या रस्त्यांना तो नियम लागूच नव्हता तिथेही.

१४. सम-विषम क्रमांकांची योजना कायमची का लावत नाहीत?

सम तारखेला सम आणि विषम तारखेला विषम क्रमांकाच्या गाड्या, ही योजना थोड्या दिवसांसाठी चालते. दिल्लीत १ ते १५ जानेवारी २०१६ या काळात ती राबवली गेली. कायमची केली की लोक वाट काढतात. मेक्सिको सिटीने १९८९ मध्ये क्रमांकानुसार आठवड्यातून एक दिवस गाडी बंद ठेवण्याचा नियम आणला. अनेकांनी दुसऱ्या क्रमांकाची आणखी एक गाडी घेतली, बऱ्याचदा जुनी आणि जास्त धूर सोडणारी. हवेत अपेक्षित सुधारणा झाली नाही. पर्याय न देता केलेली बंदी अशीच निसटते.

१५. पर्याय चांगले दिले की लोक आपोआप गाडी सोडतील ना? मग शहरात गाडी आणण्याचे शुल्क, पार्किंगचे पैसे हे कशाला?

हा आम्हाला येणारा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, आणि त्याचे सर्वांत स्वच्छ उत्तर स्टॉकहोममध्ये मिळते. तिथे ऑगस्ट २००५ मध्ये आधी बससेवा वाढवली. गाड्यांच्या संख्येत जाणवण्याजोगा फरक पडला नाही. ३ जानेवारी २००६ रोजी शहरात शिरताना आणि बाहेर पडताना कोंडीशुल्क सुरू झाले, आणि हद्द ओलांडणाऱ्या गाड्या सुमारे २० टक्क्यांनी घटल्या. जुलैअखेर प्रयोग संपला, शुल्क थांबले, आणि गाड्या बहुतांशी परतल्या. सप्टेंबरमध्ये सार्वमत झाले. आधी विरोधात असलेल्या शहराने फरक डोळ्यांनी पाहिला होता, बहुमत बाजूने पडले, आणि ऑगस्ट २००७ पासून शुल्क कायमचे झाले.

याचा अर्थ नुसती बस वाढवून भागत नाही. आणि नुसते शुल्क लावले तर ज्यांना दुसरी वाट नाही ते चिरडले जातात. दोन्ही हवे, आणि क्रम महत्त्वाचा: आधी वाट द्या, मग शुल्क घ्या. सिंगापूरने १९७५ पासून आणि लंडनने २००३ पासून हाच मार्ग धरला.

पार्किंग हा त्याचाच भाऊ आहे. मोटार दिवसाचा सुमारे ९५ टक्के वेळ उभी असते, आणि ती सार्वजनिक रस्त्यावर फुकट उभी राहते तेव्हा तिचे भाडे पायी चालणाऱ्यासह सगळे भरतात. पार्किंगचे अमेरिकी अभ्यासक डोनाल्ड शूप यांनी आयुष्यभर हेच मांडले: रस्त्यावरच्या पार्किंगचा दर असा ठेवावा की प्रत्येक भागात एक-दोन जागा मोकळ्या राहतील, म्हणजे जागा शोधत घिरट्या घालणाऱ्या गाड्या थांबतात. जपानमध्ये १९६० च्या दशकापासून बहुतांश भागांत नियम आहे की गाडी ठेवायला स्वतःची जागा आहे असा दाखला दिल्याशिवाय तिची नोंदणी होत नाही. जागा नसलेल्या गाडीची किंमत कोणी मोजायची, या प्रश्नाचे इतके सरळ उत्तर फार थोड्या देशांनी दिले आहे.

१६. शुल्क म्हणजे श्रीमंतांना मोकळा रस्ता आणि गरिबांना दंड नाही का?

रोज मोटारीने शहराच्या मध्यात जाणारा माणूस बहुतेक ठिकाणी सर्वांत गरीब नसतो. तो बसमध्ये, सायकलवर किंवा पायी असतो, आणि कोंडीची किंमत आजही तोच भरतो, फक्त पैशांऐवजी तासांत. तरीही चिंता रास्त आहे. वसूल झालेला पैसा बस आणि पदपथांवर खर्च होतो हे उघडपणे दाखवले पाहिजे, अपंगांना सूट हवी, आणि ज्या वस्तीत बस पोचत नाही तिथे आधी बस पोचली पाहिजे. हा पैसा पुन्हा उड्डाणपुलात जाणार असेल तर विरोध करणाऱ्यांचे बरोबर आहे.

१७. मधला रस्ता मोटारींना बंद केला की सगळ्या गाड्या आमच्या गल्लीत शिरतील.

एकच रस्ता बंद केला आणि बाकी काही आखले नाही तर शिरतील. म्हणून भागाची आखणी एकत्र करावी लागते. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेनने १९७७ मध्ये शहराच्या मध्याचे चार भाग केले. बेल्जियममधल्या गेंटने २०१७ मध्ये अशीच योजना केली. प्रत्येक भागात मोटारीने जाता येते, पण एका भागातून थेट दुसऱ्यात जाता येत नाही, बाहेरच्या वर्तुळाकार रस्त्यावरून फिरून यावे लागते. पायी, सायकलने आणि बसने मात्र सरळ जाता येते. आडवाटेने निघून जाणाऱ्या गाड्या त्यामुळे गल्लीतून हद्दपार होतात.

शिवाय सगळ्या गाड्या दुसरीकडे जातातच असे नाही. ब्रिटिश संशोधकांनी रस्त्याची जागा कमी केल्याची ७० हून अधिक उदाहरणे तपासली. निम्म्या ठिकाणी त्या रस्त्यावरच्या आधीच्या वाहतुकीपैकी ११ टक्क्यांहून जास्त वाहतूक आसपासच्या रस्त्यांवरही सापडली नाही. दक्षिण कोरियाची राजधानी सोल हिने २००३ मध्ये दिवसाला दीड लाखाहून अधिक वाहने वाहणारा चंगेचन ओढ्यावरचा रस्ता पाडला. भाकीत केलेला हाहाकार झाला नाही. पण त्याच काळात, जुलै २००४ मध्ये, बसचे सगळे जाळे, मध्यभागी बस मार्गिका आणि एकत्रित भाडे यांची व्यवस्था त्यांनी नव्याने केली होती. ते सोडून फक्त पाडकामाचे अनुकरण करू नये.

१८. दुकानांचा धंदा बसेल, त्याचे काय?

दुकानदारांची भीती खरी असते, कारण त्यांचे पोट त्यावर आहे. पण मोटारीने किती गिऱ्हाईक येते याचा त्यांचा अंदाज बहुतेक अभ्यासांत प्रत्यक्षापेक्षा बराच जास्त निघाला आहे. टोरंटोच्या ब्लूर रस्त्यावर २०१६ मध्ये पार्किंग काढून सायकल मार्ग केला, आणि नंतरच्या पाहणीत गिऱ्हाईकांच्या फेऱ्या आणि खर्च दोन्ही वाढलेले दिसले. काम चालू असतानाचे महिने मात्र खरोखर कठीण जातात. त्या काळात माल उतरवायला ठरावीक वेळ आणि जागा द्यावी, काम लांबवू नये.

१९. माझे काम असे आहे की गाडी लागतेच. मला का छळता?

नळजोडणीची अवजारे घेऊन फिरणारा कारागीर, डायलिसिसला जाणारा रुग्ण, चाकाची खुर्ची वापरणारी व्यक्ती, मालवाहतूक: यांना गाडी लागणारच. ज्यांना पर्याय शक्य आहे ते रस्त्यावरून हटले तर सर्वांत मोठा फायदा यांचाच होतो. रुग्णवाहिकेला बस मार्गिकेतून जाता येते, ही बाबही लक्षात घ्यावी. कोंडलेल्या सहापदरी रस्त्यावर तिला वाट द्यायला कोणाकडेच जागा नसते.

२०. रात्रपाळी करणाऱ्यांचे आणि रात्री एकट्या फिरणाऱ्या स्त्रियांचे काय?

इथे बहुतेक शहरांचे नियोजन उघडे पडते. शेवटची बस दहाला असेल तर रात्री अकराला सुटणारा माणूस सकाळीही गाडीनेच जातो, कारण परतीची सोय नाही. म्हणजे रात्रीच्या चार फेऱ्या कमी केल्याने दिवसाचे प्रवासीही जातात. थांब्यावर दिवा, आसपास उघडी दारे-खिडक्या, बस कुठवर आली हे सांगणारी पाटी, यांनी धीर येतो. माँट्रियलमध्ये १९९६ पासून रात्री स्त्रियांना दोन थांब्यांच्या मध्ये, घराजवळ उतरण्याची विनंती करता येते. या सोयीला जवळपास काही खर्च येत नाही.

२१. आमच्या शहराकडे फार पैसा नाही. पहिल्या वर्षात काय करता येईल?

बसचे सर्वांत गर्दीचे दोन मार्ग निवडा आणि त्यांवरची बस नेमकी कुठे अडकते ते थांब्यागणिक मोजा. बहुतेक उशीर चार-पाच चौकांतच होत असतो. त्या चौकांपाशी दोनशे-तीनशे मीटर बस मार्गिका, सिग्नलला प्राधान्य, सगळ्या दारांनी चढणे आणि थांब्यासमोर उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर रोजची कारवाई, एवढे करा. फेरी लवकर पुरी होऊ लागली की तेवढ्याच बसमध्ये जास्त फेऱ्या बसतात. हा फायदा नवीन बस न घेता मिळतो.

सोबत त्या मार्गांवरच्या थांब्यांच्या चारशे मीटर परिसरातले पदपथ अडथळामुक्त करा आणि बाजारपेठेतल्या पार्किंगला पैसे लावून ते उत्पन्न त्याच परिसरात खर्च करा. वाहतुकीची मोजणी करताना गाड्या मोजू नका, त्यांतली माणसे मोजा, आणि पायी व सायकलने जाणाऱ्यांनाही त्याच तक्त्यात बसवा. हे आकडे दर महिन्याला थांब्यावर आणि संकेतस्थळावर लावा. लोक ते वाचतील आणि तिसऱ्या मार्गाची मागणी घेऊन येतील.